मॅडम, ४५ ला गोळा जात नाही

यंदा अकरावीच्या घटक चाचणीत मी एका गुणाचा एक प्रश्न टाकला होता. गोळाफेक करणारा खेळाडू ठरावीक वेगानं गोळा फेकतो, तर गोळा जास्तीत जास्त लांब जावा म्हणून त्यानं तो किती अंशांच्या कोनात फेकावा? २२ वर्षं फिजिक्स शिकवतेय. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, ४५. वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं होतं. एकीनं मात्र ४० लिहिलं. मागं ना सूत्र, ना गणित, नुसता आकडा. मी लाल रेघ ओढली आणि पुढचा पेपर घेतला.

पेपर वाटले त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. आटपाडीकडची पोरगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सांगलीत मावशीकडं राहून सायन्स करते. उंच, खांदे रुंद, वर्गात कधी तोंड उघडत नाही.

"मॅडम, ४५ ला गोळा जात न्हाई. नुस्ता वर जातोय. मी रोज टाकतो की."

(आमच्या भागातल्या पोरी 'मी जातो, मी टाकतो' असंच बोलतात. पुण्याच्या लोकांनी हसू नये.)

"मग तू किती अंशांत टाकतेस?"

"कोन कोण मोजतंय मॅडम. पर सर म्हणत्यात, ४५ च्या खालीच ठेव. म्हणून ४० लिवलं."

यावर मी जे बोलले ते इथं लिहायला लाज वाटते. म्हणाले, "तुझे सर खेळ शिकवतात, मी फिजिक्स शिकवते. पेपरात फिजिक्सचं उत्तर लिहायचं." ती "बरं मॅडम" म्हणाली आणि वही घेऊन गेली.

संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना विश्रामबागच्या सिग्नलला थांबले होते. तिथं डोक्यात आलं की आपलं ते ४५ चं उत्तर जमिनीवरून निघून जमिनीवरच पडणाऱ्या वस्तूचं आहे. आणि गोळा जमिनीवरून कुठं निघतो? तो निघतो डोक्याच्याही वरून, सरळ केलेल्या हातातून! मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, सिग्नल कधीच सुटला होता.

थोडं मागं जाऊन सांगते, म्हणजे घोळ कुठं झाला ते कळेल.

आमच्याकडं या धड्याची पहिली अडचण त्याच्या नावातच आहे. पुस्तक इंग्रजी, पोरं मराठी. 'प्रोजेक्टाइल' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं रॉकेट येतं, आणि रॉकेट तर इंजिन चालू असेपर्यंत प्रोजेक्टाइल नसतंच. मराठीत 'प्रक्षेप्य' म्हणावं तर त्यानंही उजेड पडत नाही. मी सरळ सांगते: फेकून दिलेली वस्तू. हातातून सुटली की तिच्यावर तुमचा काही अधिकार नाही, खाली ओढणारी पृथ्वी तेवढी उरली. शाळूच्या रानात पाखरं राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात. दोरीचं एक टोक सोडेपर्यंत दगड तुमचा. सुटला की तो प्रक्षेप्य.

आणि या सगळ्या धड्यात कळायची गोष्ट एकच. आडवी चाल आणि उभी चाल यांचा एकमेकींशी संबंध नाही. दोघी एकाच वस्तूत राहतात, पण एकीला दुसरीची खबर नसते. आडव्या दिशेनं ओढणारं कुणीच नाही, त्यामुळं तो वेग शेवटपर्यंत आहे तसाच राहतो. उभ्या दिशेनं पृथ्वी ओढते, म्हणून तो वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदानं बदलत जातो.

लहानपणी मामाच्या विहिरीवर आम्ही याचाच प्रयोग करायचो, नकळत. एकानं काठावरून नुसतं खाली सुटायचं, दुसऱ्यानं पळत येऊन मुटका मारायचा, आणि पाणी आधी कुणी उडवलं यावरून भांडायचं. पळत येणारा दर वेळी उशिरा पडायचा. आम्हाला वाटायचं तो लांब जातो म्हणून वेळ लागतो. कारण तसं नाही. पळत येणारा काठावर पाय दाबून थोडा तरी वर उसळतोच, आणि उशीर त्या उसळण्याचा असतो. म्हणून वर्गात मी विहीर सोडून दोन नाणी वापरते. बाकाच्या कडेला एक नाणं, पट्टीच्या टोकावर दुसरं. पट्टीला टिचकी मारली की एक नाणं आडवं उडतं, दुसरं जागच्या जागी खाली सुटतं. डोळे मिटून ऐकायचं. बाक पाऊण मीटर उंच, दोन्ही नाणी साधारण ०.४ सेकंदात खाली. आवाज एकच येतो. एक नाणं पायाशी पडलेलं असतं, दुसरं तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी दप्तराखाली गेलेलं असतं.

इथवर मी दर वर्षी नीट शिकवते. पुढं पल्ल्याचं सूत्र येतं: वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले ९.८. साइन जास्तीत जास्त १ होतो, तो ९० अंशांना. दुप्पट कोन ९० म्हणजे कोन ४५. फळ्यावर चौकट, चौकटीत ४५, घंटा. त्या सूत्राची अट पुस्तकात असते, मीही एकदा तोंडानं म्हणते, की वस्तू सुटते आणि पडते ती पातळी एकच असली पाहिजे. म्हणते आणि विसरते. पेपर काढताना प्रश्न जिवंत वाटावा म्हणून त्यात गोळाफेकवाला घातला तो मीच, कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं 'एक वस्तू जमिनीवरून फेकली' असं लिहिलं असतं तर माझं उत्तर बरोबर होतं.

त्या रात्री स्वयंपाक उरकल्यावर वही घेऊन बसले. वेग सोयीसाठी सेकंदाला ९ मीटर धरला, गोळा सुटण्याची उंची १.८ मीटर. आडवा वेग काढायचा, गोळा किती वेळ हवेत राहतो ते काढायचं, दोन्हींचा गुणाकार म्हणजे अंतर. ४५ अंशांना ९.७९ मीटर आलं. ४० अंशांना ९.९०. पुन्हा करून बघितलं, तेच. मग ३५ केलं तर ९.८०, म्हणजे माझ्या लाडक्या ४५ पेक्षा ३५ सुद्धा केसभर पुढं. सगळ्यात चांगला कोन आला ३९.८ अंश. पोरीनं लिहिलं होतं ४०.

असं का होतं ते गणिताशिवायही सांगता येतं. अंतर म्हणजे आडवा वेग गुणिले हवेतला वेळ. वेळ मिळवायचा तर वेगातला काही भाग वर खर्च करावा लागतो. जमिनीवरून फेकताना सगळा वेळ असा विकत घ्यावा लागतो, आणि मग निम्मा-निम्मा वाटा, म्हणजे ४५, परवडतो. गोळा १.८ मीटरवरून सुटला की तेवढं अंतर खाली पडायला लागणारा जास्तीचा वेळ उंचीकडून फुकट मिळतो. मग वर कमी खर्च करायचा आणि उरलेला वेग पुढं लावायचा. जितकं उंचावरून फेकाल तितका कोन खाली. आणि वेग जितका जास्त, तितकी त्या उंचीची किंमत कमी होत जाते आणि कोन पुन्हा ४५ कडं सरकतो.

४५ ला एवढी प्रतिष्ठा तशी जुनी आहे. इटलीतल्या तार्तालिया या गणितज्ञानं १५३७ साली तोफेबद्दल लिहिताना हाच कोन सांगितला, पण गोळ्याचा मार्ग त्यानं काढला तो आधी सरळ रेघ, मग कमान, मग सरळ खाली. तो मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो हे गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात दाखवलं, आणि ते दाखवायला त्यानं हीच युक्ती वापरली, आडवी चाल वेगळी, उभी चाल वेगळी. आता तोफ म्हणजे कशी, तोंड जमिनीपासून हातभर वर आणि गोळा जाणार कित्येकशे मीटर. तिथं हातभर उंचीला कोण विचारतो? दहा मीटरच्या गोळाफेकीत १.८ मीटरला विचारावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गासमोर बोलावून सांगितलं की उत्तर तिचं बरोबर आहे. गुण दिला. लगेच मागच्या बाकावरून, "मग आमचा कापणार का मॅडम?" नाही कापला. त्यांना ४५ शिकवलं मीच होतं.

पण ती काही फार खूश दिसली नाही. म्हणाली, "म्हणजे अकरा-बारा सेंमीचाच फरक? माझा तर अर्धा मीटर जातोय."

आता हा हिशोब माझ्या वहीत नव्हता. म्हटलं, चल, बघूच.

शनिवारी सकाळी मैदानावर गेले. पावसाळा नुकताच सरला होता, माती ओली होती, आणि ते बरंच झालं, कारण गोळा पडला की रुतून बसायचा आणि खूण स्वच्छ उमटायची. लेकीचा मोबाइल विटांच्या थरावर डब्याला टेकवून ठेवला. एका बांबूला दर ५० सेंटिमीटरवर लाल इन्शुलेशन टेप गुंडाळली आणि तो मागच्या भिंतीला टेकवला. पहिला सगळा तास यात वाया गेला. व्हिडिओत गोळ्याची उंची बांबूवर वाचायची, पण बांबू मागं लांब आणि गोळा पुढं जवळ, म्हणून तो आहे त्याहून मोठी उडी मारताना दिसत होता. हे मला कळायला त्यांच्या सरांना यावं लागलं. ते म्हणाले, "मॅडम, बांबू पोरीच्या रेषेत लावा की." बांबू रिंगशेजारी आणला, आडव्या मापासाठी त्याच रेषेत जमिनीवर चुन्याच्या खुणा मारल्या, आणि आकडे शहाण्यासारखे वागू लागले.

पोरींचा गोळा ३ किलोचा. तिनं तो फडक्यानं पुसला, मानेला जबड्याखाली दाबून धरला, पाठ फेकीच्या दिशेला केली. रिंग २.१३५ मीटर व्यासाची, त्यात एका पायावर मागं सरकत आली, कंबर फिरली आणि शेवटी हात. हाताचं काम अगदी शेवटचं असतं हे मी २२ वर्षांत पहिल्यांदा जवळून बघितलं.

मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. दर सहाव्या चित्राला थांबवलं की ०.२ सेकंदाचा टप्पा. आडवं अंतर प्रत्येक टप्प्यात जवळजवळ १.४ मीटर. पहिल्या टप्प्यात १.४, दुसऱ्या टप्प्यात १.४, वर जाताना १.४, खाली येताना १.४. उभं अंतर असं: पहिल्या टप्प्यात गोळा ८८ सेंमी चढला, दुसऱ्यात ४९, तिसऱ्यात जेमतेम १०, मग २९ उतरला, मग ६८ उतरला. आकडे मी एक-दोन सेंमीनं साफ केलेत, पण ८८ मधून ४९ वजा करा. ४९ मधून १०. १० मधून उणे २९. दर वेळी ३९. ०.२ चा वर्ग गुणिले ९८० सेंमी केलं तर ३९.२ येतं. ओल्या मैदानावर, विटांवरच्या मोबाइलमध्ये, गुरुत्व त्वरण असं डोळ्यांनी दिसलं.

तो तिसरा टप्पा, १० सेंमीवाला, मी आता दर वर्गात दाखवते. 'सर्वांत उंच बिंदूवर वेग किती?' या प्रश्नाला निम्मा वर्ग 'शून्य' म्हणतो. त्या टप्प्यात गोळा जेमतेम १० सेंमी वर गेलाय, पण पुढं १.४ मीटर गेलाय. शून्य होतो तो फक्त उभा वेग, आडवा सेकंदाला ७ मीटरचा ७ मीटरच आहे. आणि ३९ चा फरक माथ्यावरही सुट्टी घेत नाही, म्हणजे त्वरणही शून्य होत नाही.

या आकड्यांवरून तिचा सुटतानाचा उभा वेग ५.४ निघाला, आडवा ७. कोन साडेसदतीस अंश. एकूण वेग ८.८. टेपनं मोजलं तर ९.७४ मीटर. माझं गणित ९.५९ सांगत होतं. उरलेले १५ सेंमी कुठले म्हणून डोकं खाजवलं. टेप रिंगच्या पुढच्या लाकडी स्टॉपरच्या आतल्या कडेपासून लावतात, आणि गोळा सुटतो तेव्हा हात त्या कडेच्या पुढं गेलेला असतो. फुकटातले १५ सेंमी.

मग तिला म्हटलं, आता मुद्दाम जास्त वर टाक. सरांनी नाक मुरडलं, पण टाकू दिलं. चार-पाच प्रयत्नांत एक फेक नेमकी ४५ ला आली. उभा वेग ६.१, आडवाही ६.१. टेपवर ९.२० मीटर.

म्हणजे पोरगी म्हणत होती तेच, अर्धा मीटर. आणि मुख्य कारण कोनात नव्हतंच. ४५ च्या फेकीत एकूण वेगच ८.८ वरून ८.६ वर आला होता. माझ्या वहीत मी वेग ९ वर खिळा ठोकून ठेवला होता आणि कोन तेवढा फिरवत होते, जणू माणूस म्हणजे तोफ आहे. सरांनी एका वाक्यात सांगितलं: "ढकलताना ताकद लागते, उचलताना वाया जाते." वर टाकायचं म्हणजे गोळ्याचं वजनही जास्त उचलायचं, आणि खांदा-छातीचा जोर पुढं ढकलायला जितका लागतो तितका वर लावता येत नाही. म्हणून कोन खाली आणला की वेग वाढतो. पट्टीचे गोळाफेकपटू गणितातल्या सर्वोत्तम कोनाच्याही खालीच टाकतात ते यामुळं.

घरी येऊन आणखी एक गणित केलं. ३५ अंशांना ९ ऐवजी ९.३ वेग मिळाला तर अंतर १०.३५ मीटर. ०.३ चा वेग वाढवला तर जवळपास अर्धा मीटर मिळतो, आणि कोन ५ अंशांनी चुकला तर १०-१२ सेंमी जातात. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर पायाचे व्यायाम करून घेतोय."

सोमवारी वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं. पोरीच्या गावाकडचं म्हणून उदाहरण घेतलं ते सचिन खिलारी यांचं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६ गटात (हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या) गोळाफेकीचं रौप्यपदक, १६.३२ मीटर. गोळा २ मीटरवरून ३८ अंशांत सुटला असं धरलं तर वेग किती? पोरांनी काढला, सेकंदाला १२ मीटरच्या जरासा आत, हवेत १.७ सेकंद. ती मागच्या बाकावरून म्हणाली, "माझा ८.८ हाय." वर्ग हसला. ती हसली नाही, वहीत काहीतरी लिहीत होती.

आणि हो, 'हवेचा अवरोध नगण्य मानावा' हे वाक्य. ते प्रत्येक गणिताच्या शेवटी असतं आणि पोरं ते वाचतही नाहीत. लोखंडी गोळ्याला ते खरोखर लागू पडतं, तेवढ्या वेगाला हवा त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. बॅडमिंटनच्या फुलाला लावाल तर फसाल. ते जोरात निघतं, हवेत दमतं आणि जवळजवळ सरळ खाली येतं, अन्वस्त वगैरे काही नाही. गंमत म्हणजे तार्तालियानं काढलेल्या चित्राच्या जवळ तेच जातं.

परवा सर कॉलेजात आले होते, कसल्याशा फॉर्मवर सही घ्यायला. जाता जाता म्हणाले, "मॅडम, थाळी बघायला या आता. थाळी समोरच्या वाऱ्यात जास्त जाते, पाठीमागून वारा असला की कमी."

तोंडावर आलं होतं, असं कसं होईल म्हणून. बोलले नाही. बांबू स्टाफरूमच्या कपाटामागं अजून उभा आहे, लाल टेपा शाबूत. रविवारी वारा असेल तर जाणार आहे.